वेयसेल आगाच्या बापाचा वस्तरा

झिले गावात रुश्तू उस्ताला, तिथल्या जुन्या न्हाव्याला, एकच दुखणं होतं, आणि ते रस्त्यापलीकडे बसत होतं. कादिर. आठ वर्षं उस्ताच्याच हाताखाली शिकला आणि एक दिवस बरोबर समोर दुकान थाटून मोकळा झाला. फिरती खुर्ची, भिंतभर आरसे, दर गिऱ्हाइकाला नवं पातं. दाढी झाली की पातं फेकून द्यायचं.

"पातं फेकतो तो न्हावी कसला?" उस्ता येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. "धार लावता येत नाही म्हणून फेकतो."

त्यामुळे गावातले बडे जमीनदार वेयसेल आगा रुमालात गुंडाळलेला गंजका वस्तरा घेऊन दुकानात आले, तेव्हा उस्ताची छाती फुगली.

"रुश्तू, हा माझ्या बापाचा. त्याची लग्नातली दाढी यानेच झाली, माझीही. रविवारी नातवाची व्हायला हवी. जमेल, की समोर विचारू?"

"समोर? आगा, त्यापेक्षा मेंढ्या भादरणाऱ्याला विचारा!"

चार दिवस उस्ताने दुसरं काही केलं नाही. वस्तरा रॉकेलमध्ये भिजवला, गंज खरवडला, शिंगाच्या मुठीतला सैल खिळा बदलला, मग पातं दगडावर तासन्‌तास फिरवलं आणि चामड्याच्या पट्ट्यावर ओढलं. गुरुवारी मनगटावरचे केस नुसत्या स्पर्शाने उडाले. काम तिथंच थांबवायला हवं होतं. पण आगा पाहायला आले आणि त्यांनी नाक मुरडलं.

"धार आहे रे, पण ती दिसते कुणाला? हे काळे डाग दिसतात. आरशासारखा चमकव."

डाग खोल होते, काढायला गेलं तर पोलाद जाईल, हे उस्ताने सांगायला हवं होतं. पण आगांना नाही म्हटलं तर ते रस्ता ओलांडून समोर जायचे. तो बाजारातल्या सुऱ्यावाल्याच्या मोटरवर फिरणाऱ्या घासायच्या चाकावर वस्तरा घेऊन गेला. पाच मिनिटांत पातं लखलखलं. फक्त धारेपाशी नखाएवढी निळसर झाक आली. निळं म्हणजे पोलाद तापलं, त्याचं पाणी उतरलं. असल्या पात्याला धार लागते, टिकत नाही. चाळीस वर्षं वस्तरे पाजळणाऱ्याला हे दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती. 'उजेडामुळे दिसत असेल,' असं म्हणून त्याने निळं घासून काढलं आणि पुन्हा धार लावली.

रविवारी आगांच्या अंगणात ढोल-सनई सुरू झाली. नवरदेव तुन्जाय खुर्चीत बसला, गळ्याभोवती पांढरा टॉवेल. आपली पेटी उस्ताने मुद्दाम दुकानातच ठेवली होती. आगांच्या वस्तऱ्याखेरीज काही लागणार नाही, हे गावाला दिसायला नको का?

उजवा गाल लोण्यासारखा झाला. मग रिवाजाप्रमाणे उस्ता थांबला आणि ओरडला, "वस्तरा कापत नाही!" लोक हसले. नवरदेवाच्या काकांनी टॉवेलवर नोटा टाकल्या. बक्षिसी पडली की वस्तरा पुन्हा कापू लागतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

उस्ताने डाव्या गालाला हात घातला. केस ओढले गेले. तुन्जायच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वस्तरा कापत नाही," उस्ता हळू म्हणाला.

एकच हशा. मामांनी नोटा टाकल्या. ढोलवाला चेकाळला. उस्ताने पुन्हा पातं टेकवलं आणि गालावर रक्ताचा ठिपका उमटला. चाळीस वर्षांत त्याने नवरदेवाला कापलं नव्हतं.

"अरे अल्लाची शपथ, कापत नाही! मीच बिघडवला. चमकवायच्या नादात जाळला!"

"वाहवा!" आगा मांडी थोपटून हसले. "काय नाटकी आहे बघा! टाका रे, अजून टाका!"

जन्मात इतकं खरं तो कधी बोलला नव्हता, आणि इतकी बक्षिसीही त्याला कधी मिळाली नव्हती. अर्ध्या गालाचा नवरदेव, आणि समोर सगळं गाव. उस्ताला रडू यायला लागलं.

गर्दीत एकटा कादिर हसत नव्हता. बोथट पात्याचा खरखर आवाज न्हाव्याच्या कानाला कळतो. तो पुढे आला, नोट देण्याच्या निमित्ताने वाकला, आणि टॉवेलखाली उस्ताच्या मुठीत आपला नव्या पात्याचा वस्तरा सरकवला.

"पाठ लोकांकडे करा, उस्ता," तो पुटपुटला.

दोन मिनिटांत डावा गाल स्वच्छ झाला. आगांनी नातवाच्या गालावरून हात फिरवला आणि गर्दीत कादिरला गाठलं.

"बघितलंस? माझ्या बापाचं पोलाद! तुझी ती फेकायची पाती करतील असं? शिक काही!"

"शिकतो, आगा," कादिर मान खाली घालून म्हणाला.

सगळे हसले. आता ढोल थांबला होता, बक्षिसी संपली होती. आता उस्ता बोलला असता तर लोकांनी ऐकलंही असतं. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "मुबारक असो."

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सकाळी त्याने आपलं दुकान उघडलंच नाही. भर बाजारात रस्ता ओलांडला आणि कादिरच्या फिरत्या खुर्चीत जाऊन बसला.

"दाढी कर," तो म्हणाला. "तुझ्या पात्याने. आणि दार उघडं ठेव. लोकांना दिसू दे."

कादिरने फेस लावला. पलीकडच्या चहाच्या दुकानातली माणसं पेले हातात घेऊन दारात गोळा झाली.

"पाहा रे," कुणीतरी म्हणालं, "एवढा मोठा उस्ता, पण पोराला शिकवायला आपला गळा पुढे केलाय!"

"असा गुरू होणे नाही," दुसऱ्याने मान डोलावली.

उस्ता ताडकन उठायला गेला. कालच्यासारखं गिळून टाकायचं नाही, सांगून टाकायचं, असं ठरवूनच तो आला होता. पण पातं गळ्याला टेकलेलं होतं, आणि कादिरने दोन बोटांनी त्याची हनुवटी वर उचलली.

"बोलू नका, उस्ता," तो हळूच म्हणाला. "काल तुमचा मान राखला, आज मला तुमची मान कापायला लावू नका."