दिसलं की विचारायचं

आमच्या शनिवारच्या बैठकीला नियम एकच होता, आणि तो मी घातलेला होता: दिसलं की विचारायचं.

पार्किन्सन म्हटलं की लोकांना हाताची थरथर तेवढी ठाऊक असते. पाय जमिनीला चिकटतात, अक्षर मुंगीएवढं होतं, चेहरा हसायचं विसरतो, हे घरच्यांना हळूहळू कळतं. पण काही वर्षं गोळ्या घेतल्यावर एखाद्याला नसलेली माणसं दिसू लागतात, हे कोणी घरीही सांगत नाही. वेड लागलं म्हणतील अशी भीती. तिरुवल्लिकेणी या समुद्राजवळच्या तमिळ पेठेत देवळामागच्या एका दवाखान्याच्या माडीवर आम्ही दहा-बाराजण जमायचो. गोळी दहीभाताबरोबर घेऊ नका, बरीच आधी घ्या. पेला अर्धाच भरा. पाय अडला तर ओढू नका, जागच्या जागी डुला आणि मग उचला. असं एकमेकांना सांगायचो. डॉक्टर चांगले होते, पण त्यांना स्वतःला पार्किन्सन नव्हता.

एका शनिवारी मी म्हणाले, "मज पाण्याच्या पिंपाशी एक पोर बसलेली दिसते. पाठमोरी, ओल्या केसांची. अजून कोणाला असं होतं का?"

आमची मराठी तंजावरची. पुण्याकडून नोकरीला आलेली पोरं ती ऐकून हसतात, हसोत बापडी. पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या माझ्या, गोदाबाईच्या, तोंडून हे आलं म्हटल्यावर सगळे खाली बघू लागले. मग गुरुमूर्ती म्हणाले, "मज मुंग्या दिसतात. भातात." आणि एकेकाची तोंडं उघडली. नियम तिथेच ठरला. दिसलं की दुसऱ्याला विचारायचं आणि दुसऱ्यानं खरं सांगायचं. दयेपोटीसुद्धा खोटं बोलायचं नाही, हे मी वर्गात दटावतात तसं दटावून सांगितलं.

गुरुमूर्ती रेल्वेतून निवृत्त झालेले कारकून. गल्लीत आमची दारं समोरासमोर. ती पोर दिसली की मी त्यांना हाक मारायची. त्यांची बायको अलमेलू त्यांना हाताला धरून आणायची. ते स्वयंपाकघरात डोकावून म्हणायचे, "कोणी नाही, गोदाबाई. पिंप आहे." आणि खरोखरच तिथे नुसतं पिंप उरायचं. गोळी कमी केली तर पोर जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण गोळी कमी झाली की मला पोलक्याचं बटण लागत नाही, आणि घरात मी एकटी. तेव्हा मी गोळी पूर्ण घ्यायची आणि गुरुमूर्तींच्या 'कोणी नाही'वर दिवस काढायची.

त्यांचं दुखणं दाराचं होतं. मोकळ्या जागी बरे चालायचे, उंबरा आला की पाय गाडल्यासारखे उभे. जमिनीवर आडव्या पट्ट्या असल्या की पाय त्या ओलांडायला आपोआप उचलतो, हे मीच बैठकीत सांगितलं होतं. मी चिकटपट्टी आणा म्हटलं, तर अलमेलू म्हणाली, "पट्टी कशाला? मी रोज सकाळी दारात कोलम घालतेच की." तेव्हापासून ती दारापुढचा कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, झाला की उरलेल्या पिठाने आत, थेट त्यांच्या खुर्चीपर्यंत आडव्या रेघा ओढायची. गुरुमूर्ती एकेक रेघ ओलांडत ऐटीत बाहेर यायचे. मला तिचं फार कौतुक वाटायचं, आणि थोडा हेवाही.

एका सकाळी न्हाणीघरात पडली ती अलमेलू उठलीच नाही. सिरुसेरीच्या सॉफ्टवेअर कंपनीत असलेला गुरुमूर्तींचा पुतण्या रघोत्तम धावत आला, त्याने सगळं हातात घेतलं. मौताच्या घरी कोलम नसतो. बायकांनी उंबऱ्यावर पाणी ओतलं आणि आदल्या दिवशीच्या रेघा खुर्चीपर्यंत पुसून काढल्या. त्या कशासाठी होत्या, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

अलमेलूला बाहेर गल्लीत तिरडीवर ठेवलं. मूलबाळ नव्हतं, अग्नी गुरुमूर्तींनीच द्यायचा होता. ते खुर्चीतून उठले, दाराशी आले आणि थांबले. उंबरा ओला, कोरा. मी डावा-उजवा म्हणून पाहिलं, टाळी वाजवली, त्यांना डुलायला लावलं. पाय उचलेना.

"चित्तप्पा, खुर्चीसकट उचलून नेतो," रघोत्तम काकांना म्हणाला.

"तिने मज कधी कोणाला उचलू दिलं नाही," गुरुमूर्ती म्हणाले. "मी चालत येतो."

मी पिठाचा डबा मागितला. बायका माझ्याकडे बघतच राहिल्या.

"मौताच्या घरी कोलम घालतात का, मामी?" रघोत्तम म्हणाला. "गल्ली काय म्हणेल?"

"हा कोलम नाही रे शहाण्या, हे औषध आहे," मी म्हणाले. असा राग आला होता मला. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारा मुलगा, आणि त्याला गल्लीची भीती. मी स्वतःच आत जाऊन डबा काढला आणि उंबऱ्याशी बसले. पण सकाळच्या गडबडीत माझी गोळी राहिली होती. हात असा उडायला लागला की रेघ म्हणून येईना, पिठाचा नुसता सडा पडला. कोणीतरी लगबगीने ओलं फडकं फिरवून तोही पुसला.

गुरुजी राहूकाळ लागायच्या आत निघा म्हणून घाई करू लागले. शेवटी रघोत्तम म्हणाला, "चित्तप्पा, राहू द्या. अग्नी मी देतो."

गुरुमूर्तींनी उंबऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून, बैठकीत विचारतात तसं हळू विचारलं, "गोदाबाई, अलमेलू इथे बसली आहे. रेघा घालते आहे. तुम्हास दिसते का?"

मी पाहिलं. उंबऱ्यावर फडक्याचा ओला फराटा होता. त्याच्या पलीकडे, गल्लीत, अलमेलूचे हळद लावलेले पाय दिसत होते.

"दिसते," मी म्हणाले. "पहिली रेघ तुमच्या पायाशीच आहे."

त्यांनी पाय उचलला, चांगला उंच. मग दुसरा. "आता पुढची," मी म्हणत गेले आणि ते ओलांडत गेले. उंबऱ्याशी आल्यावर त्यांनी अंग जरा चोरलं, वाटेत बसलेल्या बाईला आपला पाय लागू नये म्हणून चोरतात तसं, आणि बाहेर पडले. बायका रडत होत्या. मीही रडले.

तेरावा झाला. रघोत्तमने स्वयंपाकाला बाई लावून दिली, तिला कोलम येत नव्हता. तरी दुपारी पाहते तर गुरुमूर्ती आपले आपण गल्ली ओलांडून माझ्याकडे येताहेत. कोऱ्या जमिनीवर पाय उंच उचलत.

"रेघा कोणी घातल्या?" मी विचारलं.

"तीच घालते की," ते म्हणाले. "अस्के, सगळेच म्हणतात कोणी नाही. रघोत्तम तर डॉक्टरकडे चला म्हणतो. मी त्याला सांगितलं, गोदाबाईंनी पाहिलं आहे. गोदाबाई खोटं बोलत नाहीत."

त्यांना खरं सांगायला हवं होतं. पण माणूस चालत होता. एकट्याने समुद्रावर जाऊन येत होता. आज सांगू, उद्या सांगू, असं मी करत राहिले.

मग ती पोर पुन्हा आली. भर दुपारी, कॉफीचं आधण ठेवलेलं असताना. पिंपाशी पाठमोरी, केसांतून पाणी गळतंय. गुरुमूर्ती बाहेरच्या खोलीत बसले होते. मी हाक मारली. ते उंबरा सहज ओलांडून आले आणि माझ्या खांद्यावरून आत डोकावले. मी त्यांच्या 'कोणी नाही'ची वाट पाहत होते.

"आहे," ते म्हणाले.

"नीट बघा, गुरुमूर्ती. पिंप आहे नुसतं."

"पिंपाशीच बसली आहे. इतके दिवस मज दिसत नव्हती, माझीच नजर कच्ची." ते मायेने म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही मज खरं सांगितलंत, म्हणून मी अलमेलूच्या मागे चालत गेलो. मी तुम्हास खोटं सांगेन का?"

एक वाक्य पुरे होतं. उंबऱ्यावर त्या दिवशी कोणी नव्हतं, एवढंच. ते मी बोलले असते तर ही पोर गेली असती. पण ते मी बोलले असते तर गुरुमूर्ती माझ्या दारात गाडल्यासारखे उभे राहिले असते आणि समोरच्या घरात अलमेलू दुसऱ्यांदा मेली असती. मला फार भीती वाटत होती. मी आधणात कॉफी घातली.

"घोटभर कॉफी तिलाही द्या," गुरुमूर्ती म्हणाले.

मी तिसरा पेला घेतला आणि अर्धाच भरला. तो पुढे करायला वळले, तेव्हा पोर पाठमोरी नव्हती.