चोरखिशातली सातवी गुंज

मित्रांनो, परळच्या एका खोलीत दारामागच्या खिळ्याला टांगलेली जुनी निळी कापडी पिशवी म्हणजे मी. बाहेरून साधीच दिसते. पण माझ्या पोटात एक चोरखिसा आहे आणि त्याच्यामुळे माझा जीव अजून थाऱ्यावर नाही.

कमलाबाईंनी मला पडद्याच्या उरलेल्या कापडातून शिवलं. किल्ली हरवू नये म्हणून आत चोरखिसा लावला, तळाला दुहेरी पट्टी घातली. "भोपळा घाला नाहीतर कलिंगड, फाटायची नाही," असं त्या शेजारणींना कौतुकानं सांगायच्या. दादरच्या मंडईतून मी किती ओझी वाहिली! मग घरात चेनवाल्या बॅगा आल्या आणि मी खिळ्यावर गेले. तळ उसवला, चोरखिशाच्या कोपऱ्याला भोक पडलं. कोणी पाहिलं नाही.

एका रविवारी सूनबाई प्रितीनं मला खाली काढलं. सगळे राष्ट्रीय उद्यानात निघाले होते. प्रिती सांभाळून राहणारी. उकळलेलं पाणी, डासांचं मलम, तिच्या रांगत्या बाळाचे, सम्यकचे, जास्तीचे कपडे, सगळं तिनं माझ्यात दोनदा तपासून भरलं.

दारावरच्या वनरक्षकानं सांगितलं, "ताई, येताना पान, फूल, बी, काही आणायचं नाही."

"पडलेलंपण नाही?" प्रितीच्या सात वर्षांच्या लेकीनं, श्रेयानं विचारलं.

"पडलेलंपण नाही. ते कुणाचं तरी जेवण असतं, नाहीतर उद्याचं झाड."

"पण आजीच्या गावचे लोक डोंगरावरून करवंदं आणतात की!"

"जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांना तसा हक्क असतो, बाळा. तेही झाडावर थोडं राखून तोडतात, मूळ उपटत नाहीत. आपण इथे पाहुणे. बघायचं आणि जायचं."

कमलाबाई हसल्या. "दादा, निघताना हिचेच खिसे तपासा. दगड, पिसं, बाटल्यांची झाकणं! घरात आम्हालाच जागा उरली नाही."

पुढे वाटेत एका वेलीवर वाळलेल्या शेंगा उकललेल्या दिसल्या. आत लालभडक गुंजा, प्रत्येकीला काळा ठिपका. श्रेयानं इकडे तिकडे पाहिलं, शेंगा तोडल्या आणि बिया माझ्या चोरखिशात सारल्या. मला ओरडावंसं वाटलं. पण पिशवीला तोंड असतं, आवाज नसतो.

परतताना वनरक्षकानं माझ्यात डोकावून पाहिलं. "काही घेतलंय का?"

"छे, काहीच नाही," प्रिती म्हणाली. श्रेया बुटांकडे बघत राहिली. प्रितीला ते दिसलं. पण सम्यक रडत होता, सगळे दमले होते. असेल एखादं पान, म्हणून तिनं विषय सोडला. नेमकं तेवढंच तिनं तपासलं नाही.

घरी मला जमिनीवर टेकवलं. सम्यक रांगत आला आणि त्यानं माझा बंद ओढला. मी कलंडले आणि खिशाच्या भोकातून, उसवलेल्या तळातून गुंजा टपटप लादीवर पडल्या. एक त्यानं उचलली. दारात श्रेया उभी होती. सांगितलं तर चोरी उघडी पडणार होती. तिचं तोंड उघडलं, मिटलं. मी नुसती तळमळत होते. बोल गं पोरी, बोल!

"मम्मी! बाळाच्या तोंडात बी आहे! मीच आणलीय!"

प्रितीनं धावत येऊन बोट घातलं. बी अख्खीच निघाली.

"अगं, ही तर गुंज!" कमलाबाईंचा चेहरा उतरला. "चावली तर विषारी असते."

"किती होत्या?" प्रितीनं विचारलं.

"सात. मी मोजल्या होत्या."

लादीवर पाच मिळाल्या. हातातली धरून सहा. मला झटकलं, काही पडलं नाही. सातवी कुठेय ते मला ठाऊक होतं. ती माझ्या तळाच्या पट्टीत शिरून अडकली होती!

बाळाचे कपडे माझ्यात कोंबून सगळे दवाखान्यात धावले. डॉक्टर म्हणाले, "चावून गिळली असेल तर धोका आहे. इथेच ठेवू या." प्रिती पुन्हा पुन्हा विचारत होती, "तो मलूल वाटतोय का हो?" बाहेर बाकावर श्रेया मला पोटाशी धरून बसली होती.

"आजी, बाळाला काही झालं तर?"

"गप. तसलं बोलू नये."

कमलाबाईंच्या हाताला चैन नव्हती. माझी उसवलेली शिवण दिसली तसा सवयीनं त्यांचा अंगठा पट्टीवरून फिरू लागला. मध्येच थांबला. त्यांनी दातांनी दोरा तोडला. तळहातावर लाल ठिणगीसारखी गुंज पडली.

"प्रिती! सातवी इथेय गं!"

प्रिती धावत बाहेर आली. मग तिनं श्रेयाला ओढून घेतलं. "ओरडलीस, बरं केलंस," एवढंच म्हणाली. डॉक्टरांनी बाळाला पुन्हा नीट तपासूनच घरी सोडलं.

पुढच्या रविवारी श्रेयानं सातही गुंजा वनरक्षकाच्या हातावर ठेवल्या आणि कोणी न सांगताच मला उलटं केलं. "चोरखिसापण बघा, काका."

मित्रांनो, आता सम्यक भिंत धरून उभा राहतो. त्याचा हात माझ्या बंदापर्यंत पोचतो आणि मला धस्स होतं. प्रिती मला रोज झटकते, तरीही. म्हणून एक विनवणी करते. जंगलातलं जंगलातच राहू द्या, आणि निघण्याआधी आपली पिशवी एकदा उलटी करा. पोटात काय आहे ते तिला ठाऊक असतं. सांगता मात्र येत नाही.