सोमवारची खोली

सेतुरावांचं बीपी काही केल्या उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यामागच्या खोलीत पाठवलं. तिथे दर सोमवारी तेन्मोळी नावाची निवृत्त नर्स बसायची. लोकांचं ऐकून घ्यायचं, सल्ला द्यायचा नाही, एवढंच तिचं काम. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी घरातले, बाहेर सगळीकडे तमिळ बोलणारे सेतुराव तिच्यापुढे मुद्दाम घरच्या मराठीत बोलले. तिला त्यातलं अक्षर कळणार नव्हतं.

"बायको हाका मारत होती. तीनदा. मला ऐकू आलं होतं. पण दोन वर्षं तिचं हगणंमुतणं काढून जीव विटला होता माझा. ओट्यावर तसाच बसून राहिलो. आत गेलो तोवर ठसका लागून संपली होती."

घरी मुलगा, सून, सगळेच मराठी. त्यांच्यापुढे हे कुठल्या तोंडाने बोलणार? तेन्मोळी नुसती मान हलवायची. सहा सोमवार हेच सांगून झालं, तेव्हा कुठे म्हाताऱ्याचा डोळा लागू लागला.

सातव्या सोमवारी ती अडखळत, पण चक्क मराठीत म्हणाली, "बसा, आजोबा. गोविंदपुरम्‌च्या देवळात मराठी अभंग म्हणणाऱ्या एका मामींकडे महिनाभर मराठी शिकले. तुमच्यासाठी. आता सांगा."

सेतुरावांनी खुर्ची जरा मागे ओढली. कुणी सांगितले होते हिला हे नसते उद्योग!

"बायको झोपेतच गेली," ते म्हणाले. तेराव्याला साऱ्या गावाला सांगितलं होतं, तेच.

तेन्मोळीने डोळे पुसले आणि त्यांचा हात हातात घेतला.

"आज सगळं समजलं," ती म्हणाली.