साखरेचं शीड

सोआझिक केक-मिठाईच्या दुकानात आली तेव्हा एर्वे संगमरवरावर थापलेल्या चॉकलेटचे पापुद्रे सोडवत होता. दोघांचा घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती. गाव लहान, त्यामुळे गाठभेट व्हायची. भांडण असं उरलं नव्हतं.

"लग्न करतेय," ती म्हणाली. "तांगीशी. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो ना, तो."

"ओळखतो. मग?"

"मग केक नको का?"

"तो मी करू?"

"नाही तर काय, इथे दुआर्नेनेत राहून शहरातून, कँपेरहून मागवू? लोक तोंडावर हसतील माझ्या."

एर्वेने सुरी पुसून ठेवली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. गावात दुसरं कोणी होतंच कुठे?

लग्नात असतो तो नेहमीचा मनोरा त्याला डोळे मिटून जमला असता : आत क्रीम भरलेले पोकळ गोळे, गरम पाकाने एकावर एक चिकटवत नेलेले. पण त्याच्या डोक्यात बोटीचं शीड शिरलं. वाऱ्याने फुगलेलं, एका अंगाला झुकलेलं, आतून कसलाही आधार नसलेलं. गोळ्यांत भाजलेल्या कुट्टूच्या, त्या भागातल्या काळपट धान्याच्या, पिठाची क्रीम. पहिली क्रीम कडवट झाली, ती त्याने फेकून दिली. एवढा खटाटोप कशासाठी, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. हातात काम होतं आणि ते अवघड होतं, एवढं त्याला पुरेसं वाटलं.

लग्नाच्या दिवशी बंदरावरच्या सभागृहात त्याने शीड उभं केलं. बायका जवळ येऊन बघू लागल्या, सोआझिकच्या मावशीने तर हात जोडले. तेवढ्यात कोणीतरी समुद्राकडचे दरवाजे सताड उघडले. बाहेर धुकं होतं. ओली हवा आत आली आणि पाक पाझरायला लागला. गोळे हळूहळू घसरू लागले, शीड मधोमध वाकलं.

एर्वेने पाकाचं भांडं सोबत आणलेल्या शेगडीवर ठेवलं, पण हात दोनच.

"मी धरू?" मागून आवाज आला. कोट काढून, बाह्या सरसावून तांगी उभा होता.

"तुम्ही नवरदेव आहात, जा तिकडे."

"तिकडे नुसता उभा आहे हो. कुठे धरू, ते सांगा."

"इथे. खालून. दाबू नका."

तांगीने दोन्ही तळवे लावले. इंजिनाचा सुटा भाग धरावा तसा, न हलता. एर्वे सांध्यांवर उकळता पाक ओतत गेला. एक ओघळ तांगीच्या बोटांवर उतरला. उकळता पाक कातडीला चिकटतो, सुटत नाही. तांगीच्या जबड्याची शीर ताठ झाली, पण हात हलले नाहीत.

"सोड!" एर्वे ओरडला.

"आधी तुझा पाक घट्ट होऊ दे."

शीड घसरायचं थांबलं. थोडं वाकडं, पण उभं. तोवर कोणीतरी दरवाजे लावून घेतले होते. सोआझिक पाण्याचं भांडं घेऊन धावत आली, तिने तांगीची बोटं पाण्यात बुडवली. "येड्या," ती म्हणाली, "अंगठी कुठल्या बोटात घालू आता?" तांगी हसत होता. एर्वे भांड्याच्या कडेला चिकटलेली साखर खरवडत राहिला. तिने आपल्याला कधी येडा म्हटलं होतं का, हे त्याला आठवेना.

जेवण झाल्यावर शीड फोडलं आणि बघता बघता संपलं. सोआझिक एक बशी घेऊन त्याच्याकडे आली.

"मी माझं केलेलं खात नाही."

"माहीत आहे. खा."

त्याने उभ्याउभ्या खाल्लं.

"गोड जास्त झालंय," तो म्हणाला.

"झालंय खरं," ती म्हणाली. "पण कुट्टू छान लागतोय."

नाच सुरू व्हायच्या आधी त्याने भांडी गाडीत भरली. बोटांना पांढरी पट्टी बांधलेला तांगी शेगडी उचलायला आला. एर्वेने एक बाजू धरली, त्याने दुसरी.