प्रश्नाशी भांडायचं नाही

लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत मी दोनदा नापास झाले, आणि दोन्ही वेळा माझं म्हणणं बरोबर होतं.

या परीक्षेत एका प्रकारचे प्रश्न असतात. आधी एक नियम देतात, मग एक प्रसंग देतात आणि सांगतात, नियम प्रसंगाला लावा. नियम चांगला की वाईट, हे तुम्हाला कुणी विचारलेलं नसतं. गेल्या वर्षीचा नियम होता : दुसऱ्याच्या बागेत परवानगीशिवाय शिरणारा दोषी. प्रसंग : एक माणूस गच्चीवर चादर वाळत घालत होता, सोसाट्याचा वारा आला आणि तो चादरीसकट शेजाऱ्याच्या बागेत जाऊन पडला. आता यात त्या माणसाचं काय चुकलं? त्याला उचलायचं सोडून शेजारी कोर्टात जातो? मी मनातल्या मनात वाऱ्याला प्रतिवादी केलं, चादरीची साक्ष काढली, शेजाऱ्याची उलटतपासणी घेतली. खटला जिंकले. मान वर केली तर पर्यवेक्षक संगणक बंद करायला सांगत होते.

क्लासच्या मॅडम म्हणाल्या, "डोकं आहे तुला. धीर नाही. प्रश्नाशी भांडू नकोस. भांडायचे पैसे पुढे मिळतात."

म्हणून या वर्षी मी धीर शिकत होते. रोज सकाळी आईच्या शिलाई मशीनशेजारी बसून सराव पेपर सोडवायचे. एखादा नियम डोक्यात गेला की दातांत पेन्सिल धरायचे. घरातल्या सगळ्या पेन्सिली उंदराने कुरतडल्यासारख्या दिसायला लागल्या. आई कुणाच्यातरी पँटची उंची कमी करता करता विचारायची, "आज कुणाचं काय झालं?"

"एका बाईने चुकून दुसऱ्याची सायकल नेली. वाटेत ती चोरीला गेली."

"मग?"

"मग बाई दोषी."

"अगं, पण तिला बिचारीला काय माहीत!"

"आई, तू पण नापास."

एवढ्यात काकांनी मला नोकरीला लावलं.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, दातांचे डॉक्टर. आमच्या घराण्यातले सगळे दात त्यांच्या ताब्यात आहेत. त्यांची कामाची एक पद्धत आहे : महत्त्वाचा विषय ते समोरच्याच्या तोंडात कापसाचे बोळे भरून झाल्यावर काढतात. त्यामुळे उभ्या आयुष्यात त्यांनी प्रतिवाद असा ऐकलेला नाही, आणि आपलं म्हणणं सगळ्यांना पटतं अशी त्यांची अगदी प्रामाणिक समजूत आहे. आई दाढ भरायला गेली होती. काका म्हणाले, "वहिनी, काउंटरवरची मुलगी सोडून चाललीय. सोमवारपासून तुमच्या लेकीला बसवू या. परीक्षा-बिरीक्षा पुरे झाली आता." आणि दाढ नीट दिसावी म्हणून त्यांनी आईची हनुवटी धरून डोकं खाली-वर केलं. तोच होकार धरला. आई घरी पोचली तेव्हा तिचा अर्धा ओठ बधिर होता. तो हलायला लागेपर्यंत काकांनी फोन करून माझं अभिनंदनही केलं होतं.

"तू हो म्हणालीस?" मी विचारलं.

"मी कुठे काय म्हणाले? माझं डोकं म्हणालं. आणि ते त्यांच्या हातात होतं."

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसातला बराच वेळ ते दोन मजल्यांच्या मधे असतात, आणि घरातल्या वादातही तिथेच असतात. "नोकरीही चांगलीच," ते म्हणाले, "आणि परीक्षाही चांगलीच."

दवाखान्याचं काउंटर सकाळी उघडायचं आणि शेवटचा पेशंट चूळ भरून जाईपर्यंत उघडं राहायचं. परीक्षा महिन्यावर आली होती. तिथे बसले की अभ्यासाला रामराम, हे मलाही कळत होतं आणि काकांनाही. मी तडक दवाखान्यात गेले आणि तोंडात काही नसताना सांगितलं, "काका, मी येणार नाही."

काका मागे सरकले. पेशंट चावला की सरकतात तसे.

"दोनदा नापास झालात, वकीलसाहेब."

"तिसऱ्यांदा बसतेय."

"धीरच नाही तुझ्यात. एक पेपर, एकच, न भांडता पुरा करून दाखव. रविवारी, दवाखाना बंद असतो तेव्हा, माझ्यासमोर. एका जरी प्रश्नावर ब्र काढलास तर सोमवारी काउंटरवर. नाही काढलास तर परीक्षा होईपर्यंत मी नोकरीचं नाव घेणार नाही."

मी लगेच हो म्हटलं. धीर नसण्याचा हा आणखी एक पुरावा.

रविवारी मला पेशंटच्या खुर्चीत बसवलं, कारण चांगला दिवा तिथेच आहे. हत्यारांच्या ट्रेवर प्रश्नपत्रिका ठेवली. काका पेपराची दुसरी प्रत घेऊन चाकांच्या स्टुलावर. आई-बाबा साक्षीदार म्हणून बाकावर. त्यांच्या डोक्यामागे सुजलेल्या हिरडीचं भलंमोठं चित्र होतं, त्यामुळे तिघं बसल्यासारखे दिसत होते.

काका तयारीने आले होते. "आरामात आहेस ना?" म्हणत त्यांनी पायाने बटण दाबलं आणि मी आडवी झाले. पेपरातलं निम्मं गणित मी आडवी राहून सोडवलं. मग त्यांनी मला छताजवळ नेलं. मग लाळ ओढणारी नळी सुरू केली. "बिघडलीय का बघतोय," म्हणाले. ती कानाशी सूं-सूं करत राहिली. "काउंटरवर पंखा आहे हं," ते मधेच म्हणाले. मी पेन्सिल दातांत घट्ट धरली. धीर माझ्या स्वभावात नाही, हे खरं आहे. पण हट्ट आहे, आणि लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

मग नियमांचे प्रश्न आले. पहिलाच : झाडावर अडकलेलं मांजर उतरवण्याचा खर्च झाडाच्या मालकाने द्यावा. कुणी केला हा नियम, मांजराने? पोटातून सबंध भाषण वर आलं. मी ते गिळलं.

"काय गं, पटतंय तुला?" काकांनी कानाशी येऊन विचारलं.

मी "क" वर खूण केली.

त्यानंतरचा प्रश्न असा. नियम : रुग्णाच्या स्पष्ट संमतीशिवाय उपचार करणारा डॉक्टर दोषी, मग रुग्णाला त्याने गुण आला तरीही. प्रसंग : एक बाई दाढ भरून घ्यायला गेली. दंतवैद्याने शेजारची किडकी दाढही उपटली. बाईचं दुखणं कायमचं थांबलं. दंतवैद्य दोषी आहे का?

शेजारी स्टुलाची चाकं करकरली.

"हा काय प्रश्न झाला?" काका म्हणाले. "किडकी होती ना? मग! बाईला काय विचारायचं त्यात? बाईच्या तोंडात कापूस असणार!"

बाकावर आई ताठ बसली.

"उघड उघड 'ब' आहे. दोषी नाही. कोण काढतो हे पेपर? त्याने जन्मात एक दाढ काढलीय का?" काका उभे राहिले. स्टूल घरंगळत जाऊन भिंतीवर आपटलं. "आभार मानायचे सोडून बाई कोर्टात जाते?"

हा रोग माझ्याकडे कुठल्या बाजूने आला, ते मला तेव्हा कळलं. मी "अ" वर खूण केली.

"दादा, तू सांग!"

"बाईचंही बरोबर आहे," बाबा म्हणाले, "आणि दाढेचंही."

"तिने मान हलवली असणार. मान हलवली म्हणजे हो!"

"मान कुणाच्या हातात होती, भाऊजी?" आई म्हणाली.

काकांनी सवयीने कापसाच्या डब्याकडे बघितलं.

"वहिनी, मी पेपरातल्या प्रश्नाबद्दल बोलतोय."

"मी पण. मला विचारलंत तेव्हा माझं तोंड तुमच्या ताब्यात होतं. आज मोकळं आहे. विचारा आता."

"बरं. सोमवारपासून हिला—"

"नाही."

"पूर्ण ऐकून तरी घ्या!"

"घेतलं. नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. ती परीक्षा देईल. पुन्हा नापास झाली तर पुन्हा देईल. काउंटरवर कोण बसणार, हा तुमचा प्रश्न आहे, भाऊजी. तो तुम्ही सोडवा. न भांडता."

बाबांनी मान हलवली. स्वतःची, स्वतःच. आमच्याकडे अशी नोंद याआधी नाही.

काका माझ्याकडे वळले. त्यांच्या हाती आता एकच उपाय उरला होता. "वकीलसाहेब, तुम्हीच सांगा. हा प्रश्न चुकीचा आहे की नाही? बोल ना. एवढी भांडखोर तू, आज तोंड शिवलंय का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. हिरडीसुद्धा. संमती म्हणजे काय, यावर माझ्याकडे बोलण्यासारखं इतकं होतं की मधे जेवणाची सुट्टी द्यावी लागली असती. मी पेन्सिल दातांतून काढली आणि पुसली.

"काका, जरा बाजूला होता का? उजेड अडतोय."

काका बाजूला झाले. पुढचा नियम इतका अन्यायाचा होता की वाचून अंगावर काटा आला. मी तो जसाच्या तसा लावला.