अक्कानं विझवलेली आगटी

पंकजाची बॅग शनिवारपासून सापडत नव्हती. लपवली माझ्या बहिणीनं, कडूअक्कानं, हे शेवगावच्या आमच्या वस्तीवर कुत्र्यालाही माहीत होतं. सोमवारी पंकजानं, म्हणजे तिच्या लेकीनं, नोकरीवर परत जाऊ नये, एवढंच अक्काचं म्हणणं.

नोकरी म्हणजे विदर्भातला एक प्रयोग. तिथं कोळसा वर काढतच नाहीत. खोल जमिनीतच पेटवतात, एका भोकातून हवा सोडतात, दुसऱ्यातून गॅस घेतात. त्या गॅसवर वीज होते, त्यापासून डिझेलही करता येतं. मला ऐकून अभिमान वाटला. अक्काची मात्र झोप उडाली. जी आग दिसतच नाही ती विझवायची कुणी, हा तिचा प्रश्न. आणि खरं सांगतो, प्रश्न चुकीचा नव्हता.

रविवारी हुरडा खाऊन झाल्यावर पंकजानं कणसं भाजलेल्या आगटीतच उत्तर द्यायचं ठरवलं. खड्ड्यातल्या निखाऱ्यांवर बाभळीचा कोळसा भरला, बोअरच्या जुन्या पाइपाचे दोन तुकडे रोवले आणि वरून पत्रा टाकून चिखलानं लिंपलं. एका नळीला लोहाराचा भाता लावून मी अर्धा तास हवा मारली. दुसऱ्या नळीतून नुसता धूर. काड्यांची अख्खी पेटी संपत आली, पण गॅस काही पेटेना. पोरीचं तोंड उतरलं. अक्का मात्र खूश होती. मला तिचा राग आला.

आता आटोपलं असं समजून मी भाता काढला आणि तांब्याभर पाणी हवेच्या नळीत ओतलं. उभ्या ज्वारीत आगटी विझवल्याशिवाय रान सोडायचं नाही, ही आमची बापजाद्यांची रीत. आत चर्रकन आवाज झाला आणि पंकजा ओरडली, "मामा, भाता मारा!"

मी घाबरून भाता परत नळीला लावला आणि मारला. तिनं उरलेल्यातली एक काडी धरली आणि नळीच्या तोंडावर हातभर निळी ज्योत उभी राहिली. ती हसत सुटली. तापल्या कोळशावर वाफ गेली की गॅस जोरकस होतो, तिच्या नोकरीवरचे लोकही तिथं वाफ सोडतात म्हणे. मी आपला शहाण्यासारखा मान हलवत राहिलो.

"आता ही इझव," अक्का म्हणाली.

पंकजानं मला भाता काढायला लावला आणि चिखलाचा गोळा आईच्या हातात दिला. अक्कानं तो हवेच्या नळीवर थापला. ज्योत बसली, लुकलुकली, गेली. अक्कानं गोळा काढला, मला हवा मारायला लावली, ज्योत पुन्हा पेटवून घेतली, पुन्हा विझवली. असं तीनदा. माझे खांदे भरून आले, पण तिला थांबवायची माझी छाती नव्हती.

चौथ्यांदा तिनं गोळा खाली ठेवला, हात पदराला पुसले.

"वारं कोंडलं की मरती व्हय ही," ती म्हणाली. मग लेकीकडं न बघता, "कणगीत हाय तुजी बॅग. ज्वारी झटकून घे."