नऊशे सत्त्याण्णव ताटं

ताई मागच्या अंगणातल्या पायरीवरून घसरली, तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, म्हणून मी तिच्याकडे राहायला गेले. माझं एका इस्पितळात कँटीन आहे. आठ दिवसांसाठी ते मदतनीस बाईच्या हवाली केलं आणि निघाले. बहिणीकडे रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून लोक मिठाई नेतात. मी भांड्यांच्या साबणाचा पाच लिटरचा कॅन नेला.

"अगं, हे काय आणलंस?" ताई म्हणाली.

"तुझा हात गळ्यात, म्हणजे भांडी माझ्या गळ्यात. निदान साबण तरी माझ्या मनासारखा असू दे."

तो साबण साधासुधा नव्हता. कँटीनला येतो तो मधासारखा घट्ट आणि हिरवागार असतो. अर्धं झाकण टाकलं की अख्खं सिंक दुधासारखं उतू जातं. हे मी ताईला सांगितलं. भावोजींना सांगायचं राहिलं, कारण भावोजी आणि भांडी यांचा कधी संबंध येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

भावोजी वजनमापे खात्यात निरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले. निवृत्त झाले आणि तपासायला तराजू उरले नाहीत, तेव्हापासून ते घर तपासतात. दूध मोजून घेतात, पोळीचा व्यास बघतात, पंख्याचे फेरे मोजतात. ताई पडली त्या दिवशी तिला दवाखान्यातून आणून पलंगावर निजवलं आणि हे पट्टी घेऊन मागच्या पायरीवर गेले. आत येऊन म्हणाले, "शेवाळं दोन मिलिमीटर आहे."

ताईनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

माणूस दगडाच्या काळजाचा नाही हो. पण नऊ वर्षं ती सांगत होती, "अहो, ते शेवाळं काढा," आणि नऊ वर्षं हे म्हणत होते, "या उन्हाळ्यात काढू." आता ती डाव्या हातानं भात कालवायची, अर्धा खाली सांडायची, आणि भावोजी स्वतःच्या ताटात असे बघत बसायचे की जणू तिथे काहीतरी बारीक अक्षरात लिहिलंय.

मी गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी पुतण्याकडून मशीन आणलं. पुतण्याचं गाड्या धुवायचं दुकान आहे. पाण्याचा असा जोराचा फवारा की मडगार्डवरचा वर्षाचा चिखल उडावा. मशीन आलं, पाइप आला, नोझल आलं. त्याच्यासोबत लागणारा खास साबण मात्र पुतण्या द्यायला विसरला.

सकाळी मी भांडी घासत होते. भावोजी दारात येऊन उभे राहिले.

"या साबणाच्या एका चमच्यात किती ताटं निघतात?"

"निघतात पंचवीस," मी म्हटलं. "हात सैल नसेल तर."

"ताट कसलं? व्यास किती?"

"भावोजी, ताटासारखं ताट."

त्यांनी एक ओलं ताट उचललं, पट्टी लावली, "तीस सेंटिमीटर" असं पुटपुटत गेले. मला वाटलं, नेहमीचंच. मी पिशवी उचलून भाजी आणायला बाहेर पडले. पुढचं सगळं मला ताईनं नंतर सांगितलं, तेही हसू आवरत, कारण हसलं की तिचा हात दुखायचा.

भावोजी जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसले. तीन भिंती, फरशी, चार पायऱ्या. एकूण क्षेत्रफळाला एका ताटाच्या क्षेत्रफळानं भागलं. आमचं अंगण म्हणजे एक हजार नऊशे चौऱ्याण्णव ताटं झालं.

ताई मागून वाकून बघत होती. म्हणाली, "ताट दोन्ही बाजूंनी घासतात. भिंतीची पलीकडची बाजू शेजारच्या मास्तरांची आहे."

भावोजींना दुरुस्ती आवडत नाही, पण खोटं माप त्याहून आवडत नाही. त्यांनी निम्मे केले. नऊशे सत्त्याण्णव ताटं. पंचवीसनं भागलं, चाळीस चमचे.

"बघ, एवढासा साबण," ते म्हणाले.

आणि इथे ताईची जीभ घसरली. "ताटाला एका जेवणाचं खरकटं असतं," ती म्हणाली. "तुमच्या अंगणाला नऊ वर्षांचं आहे."

तिनं टोमणा मारला होता. त्यांनी तो आकडा समजून लिहून घेतला. बराच वेळ पेन्सिल चावून त्यांनी ठरवलं, अंगणाची घाण ताटाच्या पंचवीसपट. चाळीस गुणिले पंचवीस, एक हजार चमचे. चमच्यात पाच मिली. म्हणजे पाच लिटर.

ते खुर्चीवरून उठले. स्वयंपाकघरात जाऊन कॅनवरचा आकडा वाचला. पाच लिटर! चौतीस वर्षांत एवढा तंतोतंत हिशेब त्यांनी पाहिला नव्हता. ताई म्हणते, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी भाजी घेऊन गल्लीच्या तोंडाशी आले तर लोक घराबाहेर उभे. आमच्या मागच्या अंगणाच्या फाटकाखालून पांढरं काहीतरी बाहेर सरकत होतं, सावकाश, पाहुण्यासारखं. भिंतीवरूनही फेस डोकावत होता. आतून मशीनची घरघर येत होती.

ताई खिडकीत उभी होती. "अगं, हे आत आहेत!"

"कुठे?"

"तेच कळत नाही."

मी फाटक ढकललं. फेस माझ्या छातीपर्यंत आला. अंगण असं नव्हतंच. "भावोजी!" मी ओरडले.

"अजून अकरा मिनिटं," फेसातून शांत आवाज आला. "साबण वीस मिनिटं मुरू द्यायचा असतो."

"मशीन बंद करा आधी!"

फेस इकडून तिकडे हलला. मग तोच आवाज, जरा हळू: "बटण सापडत नाहीये."

मी घरात जाऊन मेन स्विच पाडला. घरघर थांबली. फेस थांबला नाही. तो कँटीनचा साबण होता, त्याला विजेची गरज नव्हती. शिवाय पाणी जायच्या भोकाच्या जाळीत काहीतरी अडकलं असणार, कारण थेंबभर पाणी बाहेर जात नव्हतं. दोन मिनिटांनी भावोजी फाटकातून बाहेर आले. डोक्यावर फेसाचा टोप, चष्म्याच्या दोन काचा पांढऱ्या, हातात थांबवलेलं घड्याळ. एक लहान मुलगी त्यांना बघून आईच्या मागे लपली.

तेवढ्यात बंब आला. कुणीतरी पांढरा धूर दिसतो म्हणून फोन केला होता. बंबाचे साहेब उतरले, फेसाला बोट लावून बघितलं, बोटाचा वास घेतला.

"लिंबू," ते म्हणाले.

"पाणी मारा ना साहेब," मी म्हटलं.

"बाई, साबणावर पाणी मारलं की काय होतं? फेस. आग विझवायला आमच्याकडे फेस असतो. फेस विझवायला काय करू, आग लावू?" त्यांनी टोपी काढली. "असला कॉल आम्हाला पहिल्यांदाच आलाय."

आता माझ्यातली कँटीनवाली जागी झाली. सिंकमध्ये एक तेलकट कढई पडली की भरला फेस डोळ्यांदेखत बसतो, हे मी रोज बघते. फेसाला पाणी मारत नाही, ओशटपणा मारतो.

मी फाटकाच्या कट्ट्यावर चढले. "ऐका हो सगळे! घराघरातली तेलकट, ओशट, न घासलेली भांडी घेऊन या. इथेच बुडवा. भांडी निघतील, फेस बसेल."

कुणी हललं नाही.

सकाळचे अकरा वाजले होते. भरगल्लीत, बंबवाल्यांसमोर, आपल्या घरात न घासलेलं भांडं आहे असं कोण कबूल करणार? शेजारचे मास्तर, शिंपीकाम करतात, गळ्यात टेप, त्यांनी मान ताठ केली. "आमच्याकडे खरकटं राहत नाही," ते म्हणाले. "आमच्या हिनं हाताला वळण असं लावलंय, की जेवण आणि घासणं यात पाच मिनिटं जात नाहीत."

"आमच्याकडेही तेच," दुसऱ्या एक बाई घाईनं म्हणाल्या.

"आमच्याकडे तर जेवायच्या आधीच घासतात," त्यांचा नवरा म्हणाला. तो नेमका काय बोलला हे त्यालाही कळलं नसावं.

फेस मास्तरांच्या उंबऱ्याला लागला. तरी सगळे स्वच्छ.

शेवटी समोरच्या काकू पुढे आल्या. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, गल्लीत सगळ्यांना सुनावणाऱ्या. पदर खोचला, एकदा सगळ्यांकडे बघितलं. "माझ्याकडे एक पातेलं आहे," त्या म्हणाल्या. "बूड जळलंय. तीन दिवस भिजत घातलंय. रोज बघते आणि रोज झाकण ठेवते. झालं समाधान?"

त्या आत गेल्या आणि दोन्ही हातांनी ते पातेलं घेऊन आल्या. काळंकुट्ट, वर तेलाची साय. फेसात बुडवलं तशी चर्र असा आवाज झाला आणि पातेल्याभोवती खड्डा पडला. लोक "अरे!" म्हणाले.

मग काय, बांधच फुटला. कुणी पलंगाखालून तवा काढला, कुणी माळ्यावरून झारा. जेवायच्या आधी घासणाऱ्या एकट्या घरातून अकरा भांडी निघाली. एका सुनेनं सासूच्या नकळत लपवलेली कढई आणली, तर रांगेत तिच्या पुढे सासू उभी, सुनेच्या नकळत लपवलेला डबा घेऊन. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि शेजारीशेजारी घासायला बसल्या. सगळ्यात शेवटी मास्तर आले, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काखेत धरून.

"इस्त्री आहे का ती?" काकूंनी विचारलं.

"तवा आहे," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "हिच्या माहेरचा आहे. तो मोजत नाहीत."

भावोजी फाटकाशी उभे राहून प्रत्येक भांड्याला किती इंच फेस उतरतो ते बघत होते. ओशट कढईला चार, तव्याला दोन. "घाण मोठ्या कामाची आहे," ते माझ्या कानाशी म्हणाले.

तासाभरात अंगण पुन्हा दिसायला लागलं. भावोजींनी बाही वर सरकवून पाणी जायच्या भोकाची जाळी काढून आत खांद्यापर्यंत हात घातला आणि ओंजळभर कुजकी पानं आणि एक रबरी चप्पल बाहेर काढली. पाणी गुळगुळ करत निघालं. "आलोच आहोत तर," म्हणून बंबाच्या साहेबांनी त्यांच्या नळानं अंगण तीनदा खळखळून दिलं, कारण पाच लिटर साबण धुवून काढायला घरची टाकी पुरली नसती. तरी भिंतींवर पांढरट ओघळ राहिले ते राहिलेच, आणि कुंडीतलं जास्वंद त्या आठवड्यात मान टाकून गेलं.

आणि पायऱ्या? पायऱ्या हिरव्याच्या हिरव्या. भावोजींनी भिंतींपासून सुरुवात केली होती, पायऱ्यांपर्यंत नोझल पोचलंच नव्हतं.

लोक आपापली भांडी गोळा करत होते. भावोजींनी माझ्या हातातली तारेची घासणी घेतली, विजारीचे पाय दुमडले आणि सगळ्यात खालच्या पायरीवर गुडघे टेकले. घासायला लागले. ताई खिडकी सोडून खाली आली, दारात उभी राहिली.

"मशीन आहे की," ती म्हणाली.

"असू दे." त्यांनी मान वर केली नाही. "नऊ उन्हाळे येऊन गेले."

"मोजलेत?"

"मोजले."

ताईनं डाव्या हातानं बादली त्यांच्याकडे सरकवली. अर्धं पाणी सांडलं. त्यांनी उरलेल्यात घासणी बुडवली. चार पायऱ्या व्हायला संध्याकाळ झाली. मी दोनदा चहा नेला, दोन्ही वेळा गार झाला.

दुसऱ्या दिवसापासून नवीच भानगड सुरू झाली. त्या गोंधळात भांड्यांची अदलाबदल झाली होती. काकूंकडे भलत्याच कुणाचा झारा, सासू-सुनेकडे मास्तरांचा तवा. लोक चमचे घेऊन दारोदार फिरत होते. मी निघायच्या आदल्या दिवसापर्यंत सगळं जागच्या जागी गेलं. उरलं एक मोठं पितळी झाकण. ते कुणाचंच नव्हतं. "आमचं नाही हो," सगळे म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं की एकजण खोटं बोलतोय.

भावोजींना हे सहन होईना. झाकण म्हटल्यावर त्याचं भांडं असलंच पाहिजे. त्यांनी जुनं मापाचं कॅलिपर काढलं आणि घरोघरी जाऊन पातेल्यांची तोंडं मोजायला निघाले.

आता हे सांगायला हवं, की नोकरीत असल्यापासून भावोजींनी गल्लीत कुणाकडे चहा घेतलेला नाही. आज चहा पाजेल, उद्या तराजूकडे डोळेझाक कर म्हणेल, हे त्यांचं तत्त्व. पुढे तराजू गेले, तत्त्व राहिलं. दारातूनच बोलायचे आणि दारातूनच परतायचे. पण पातेलं दारात कोण आणून दाखवणार? ते बघायला स्वयंपाकघरात जावं लागतं. आणि स्वयंपाकघरात शिरलेल्या माणसाला, तो कॅलिपर घेऊन आलेला असला तरी, बसा म्हणावंच लागतं.

मी घरी परतून महिना झाला. काल ताईचा फोन आला. प्लास्टर निघालंय, बोटं अजून आखडलेली आहेत, पण पोळी लाटता येते.

"भावोजी कुठायत?" मी विचारलं.

"गेलेत मास्तरांकडे. आज तिसऱ्यांदा. म्हणे, झाकण पुन्हा एकदा लावून बघतो."

"सापडेल का भांडं?"

"कसं सापडेल? झाकण इथेच आहे, ओट्यावर. घेऊनच गेले नाहीत."